भिंगावरची टिकली

कुसुमताई गेल्याची बातमी मला अरविंदरावांनी दिली, याचाच आधी राग आला. मी गुडगावात एका नव्या ऑफिसच्या काचा बसवत होतो. फोन वाजला. “दिलीप, आपली ताई गेली रे,” ते म्हणाले आणि त्यांचा आवाज भरून आला. तो नेहमीच वेळेवर भरून येतो. मी शिडीच्या पायरीवर तसाच बसलो. ताई गेल्या हे अजून आत पोचलंच नव्हतं, पण ‘आपली’ हा शब्द मात्र खुपला... तो अजून खुपतोय, म्हणून लिहितोय. माझी शाळा नववीत सुटली, लिहायची सवय नाही. शिवाय माझी निम्मी कामं अरविंदरावांच्या ओळखीच्या लोकांकडून येतात, त्यामुळे भीतीही वाटते. पण इथल्या मराठी मंडळाच्या शोकसभेत जे बोललं गेलं, तेवढंच मागे राहू नये.

ताईंचे यजमान केंद्र सरकारच्या कचेरीत होते. ते गेल्यावर सरकारी क्वार्टर सुटलं आणि ताईंनी दिल्लीतल्या मुनिरकात दोन खोल्या घेऊन विद्यार्थ्यांची खानावळ सुरू केली. मी परभणीहून ज्या ठेकेदाराबरोबर आलो, तो मला दिल्लीत सोडून पसार झाला होता. ताईंच्या समोरच्या घरात खिडकी बसवताना अंगठ्यावर हातोडी बसली आणि मी ‘आई गं’ म्हणून ओरडलो. पलीकडच्या गच्चीवरून आवाज आला, “कोण रे मराठी? जेवलास का?” नाव-गाव त्यांनी जेवण झाल्यावर विचारलं. त्या दिवसापासून दिल्लीत मला घर होतं. त्यांचं सगळ्यांशीच असं. बेल वाजली, बाहेरून मराठी ऐकू आली, की दार उघडलंच. आम्ही इकडे आलेली माणसं या एका बाबतीत अगदी भोळी. दिवसभर हिंदीत बोलून तोंड सुकलेलं असतं, कोणी ‘अहो’ म्हटलं तरी विरघळतो.

अरविंदराव हे ‘अहो’ फार गोड म्हणायचे. नोएडात कंपनीत मोठे अधिकारी, मंडळाचे चिटणीस, कडक इस्त्रीचा शर्ट. रविवारी हमखास जेवायला. ताईंना सख्खा भाऊ नव्हता. भाऊबीजेला त्या यांना ओवाळायच्या.

त्याच पंगतीत कबेलो बसायचा. बोत्स्वानाहून शिकायला आलेला, उंच, काळाभोर. गल्लीतली पोरं त्याला बघून पळायची, मोठी माणसं पळत नव्हती पण तोंडं फिरवायची. खोली मिळेना, जेवण मिळेना. तो दारात उभा राहिला तेव्हा ताईंनी त्यालाही तेच विचारलं, आणि मराठी कळत नाही म्हणून हातानं खूण केली. आमटीला तो सूप म्हणायचा. “सूप तर सूप,” ताई म्हणायच्या, “पण दोनदा घे.” ‘जेवलास का’ एवढी दोन शब्दांची मराठी तो शिकला आणि भेटेल त्याच्यावर वापरू लागला, रिक्षावाल्यावरसुद्धा.

मग एक दिवस घरमालक चौधरीजींनी खोल्या रिकाम्या करायला सांगितलं. मोहल्ला बिगडतोय म्हणे. ताई घाबरल्या. तेव्हा अरविंदराव धावून आले. पाटावर मांडी घालून म्हणाले, “ताई, मी आहे ना. तुम्ही फक्त त्या काळ्या मुलाला काढा, बाकी मी मालकाशी बोलतो.” कबेलो स्वतःच निघाला होता, बॅग भरून. ताईंनी बॅग हिसकावून आत ठेवली. “खानावळ राहो न राहो, ताटावरून मी कोणाला उठवणार नाही.”

त्याच आठवड्यात कबेलोनं एक गोष्ट पाहिली. ताई बाजारात गेलेल्या असताना अरविंदराव स्वयंपाकाच्या खोलीत पावलं टाकून लांबी-रुंदी मोजत होते. कबेलो दिसताच हसले आणि शेकहँड केला. संध्याकाळी कबेलोनं ताईंना सांगितलं, आणि वर म्हणाला की आमच्याकडे अशा माणसांबद्दल एक म्हण आहे. त्यानं ती त्याच्या सेत्स्वाना भाषेत म्हटली, मग हिंदीत समजवायला गेला आणि मध्येच अडकला. बाहेरून मित्र दिसणाऱ्याबद्दल काहीतरी आहे, एवढंच आम्हाला कळलं. ताई रागावल्या. “पंखा बसवून देतो म्हणाला होता, त्यासाठी मोजत असेल. अरविंद आपल्यातला आहे.”

शेवटी खोल्या सोडाव्याच लागल्या. सामान टेम्पोत चढलं त्या दिवशी चौधरीजी खाली खाटेवर बसले होते. त्यांनाच राहवलं नाही. “बहनजी, मुझे आपके लड़कों से क्या परेशानी? वो काला लड़का तो राम-राम करके निकलता है. आपके भाईसाहब ही रोज़ आके कान भरते थे. अब उनके भतीजे का कंप्यूटर क्लास खुलेगा यहाँ, मैं ज़बान दे चुका.”

“कौन से भाईसाहब?” ताईंनी विचारलं. जसे काही पाच-सहा होते.

टेम्पोत पोळपाट मांडीवर घेऊन त्या बसल्या. नोएडा येईपर्यंत एकच वाक्य बोलल्या, “ओवाळलं होतं रे मी त्याला.”

नोएडात यजमानांनी कधीकाळी नाव नोंदवलेला छोटा फ्लॅट होता. नवा सेक्टर, रुंद रस्ते, माणूस नाही. तिथे खानावळीत जेवायला कोण येणार? जी बाई रोज पंगत उठवायची, ती एका ताटाचा स्वयंपाक करू लागली. आणि मुनिरकात तिच्या चुलीच्या जागी काचेचं पार्टिशन घालायचं काम अरविंदरावांनी मलाच देऊ केलं. “आपला माणूस आहेस, बाहेर कशाला देऊ?” मी नाही म्हणालो.

यावर कडी म्हणजे दिवाळीत हेच गृहस्थ मिठाईचा डबा घेऊन ताईंकडे हजर. ताईंनी दार उघडलं, चहा दिला. मी इतका चिडलो की दुसऱ्याच दिवशी ड्रिल घेऊन गेलो आणि दाराला बघायचं भिंग बसवलं. “आता आधी बघत जा, मग उघडा.” बरं म्हणाल्या. पुढच्या खेपेला पाहतो तर भिंगावर आतून टिकली चिकटवलेली, मरून रंगाची.

“ताई, हे काय?”

“अरे, यातून अरविंद दिसला असता तर काय दिसलं असतं मला? छान इस्त्रीचा शर्ट. आणि कबेलो दिसला असता तर या मजल्यावर कोणी दार उघडलं असतं का?” मग म्हणाल्या, “बस. जेवलास का?”

तेराव्याला ताईंच्या घरी बेल वाजली. ताईंच्या सवयीनं मी न बघताच दार उघडलं. पांढरा झब्बा, हातात हार, मागे मंडळाची माणसं. “ताईंच्या नावानं काहीतरी करायला हवं,” अरविंदराव म्हणाले.

“कबेलोला कळवलंत का?” मी विचारलं.

“कोण कबेलो?”

त्यांना खरंच आठवत नव्हतं. ज्याचं निमित्त करून एका बाईची पंगत मोडली, त्याचं नावही लक्षात नव्हतं. मी दार धरून उभाच राहिलो. आत या म्हटलं नाही. ते माझ्या खांद्याला हात लावून आत गेले, फोटोला हार घातला, रडले. शोकसभेतही रडले.

लोक गेल्यावर मी कबेलोला फोन लावला. मायदेशी गेल्यावरही दर दिवाळीला तो ताईंना फोन करायचा, त्यामुळे नंबर होता. माझा आवाज ओळखून त्यानं आधी विचारलं, “जेवलास का?” ‘हो’ म्हणालो, आणि मग ताई गेल्याचं सांगितलं.

ताईंची पुतणी घर विकतेय. तिनं मला किल्ली दिली आणि सांगितलं, दिलीपदादा, दार जरा नीट करून द्या, गिऱ्हाईक येतंय. मी कडी बदलली, बिजागऱ्यांना तेल घातलं, दार पुसून लख्ख केलं. टिकलीभोवतीनं फडकं फिरवलं.