आत्म्याच्या पायात चपला

गेल्या रविवारी सकाळी अकरा वाजता छत्रपती संभाजीनगरच्या पडेगाव भागातल्या एका शाळेत, चित्रकलेच्या वर्गात, अकरा मिनिटांचा एक कार्टूनपट दाखवण्यात आला. प्रसिद्धीसाठी आत्मा विकणाऱ्या गायकाची ती संगीत गोष्ट आहे. त्यात आत्मा विकत घेणाऱ्या इसमाचा चेहरा माझा आहे. चित्रपट काढणारे निवृत्त ड्रॉइंग सर माझे साडू, म्हणजे थोरल्या मेव्हणीचे यजमान. त्यांच्याइतका चिकट माणूस या शहरात दुसरा नाही. असल्या वाक्याला बातमीच्या डेस्कवर तीस वर्षं मी 'असे सांगण्यात येते' जोडत आलो. इथे जोडत नाही.

सेकंदाला बारा चित्रं, म्हणजे अकरा मिनिटांची सात हजार नऊशे वीस. ती सगळी त्यांनी हाताने काढली, तीही ग्रेड परीक्षेच्या सरावाच्या जुन्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर. खिडकीची एक काच आणि तिच्याखाली ट्यूबलाइट, हे त्यांचं टेबल. मोबाइलने चित्रांचे फोटोही त्याच काचेवर ठेवून काढलेले. त्यामुळे मागच्या बाजूची स्थिरचित्रं पुढे उमटतात आणि चित्रपटभर आभाळात कुठे माठ, कुठे वांगं पुसटसं दिसत राहतं. मी ही चूक दाखवून दिली तेव्हा ते म्हणाले, "असू द्या की साडूभाऊ. आभाळात काय नसतं?" माणूस त्यांच्या लेखी माणूस नसतोच, हालचाल असते. त्यांच्या घरून पाहुणा एकदाच उठून निघाला, असं कधी झालेलं नाही. "परत उठा बरं. सावकाश. गुडघ्यावर हात कधी टेकला तुमचा?" असं करत ते त्याला सात-आठदा उठवतात आणि बोटांवर काहीतरी मोजतात. एका लग्नात मनगटापर्यंत ओघळलेलं वरण चाटणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांना त्यांनी ते पुन्हा ओघळू द्यायची विनंती केली. एका दुखवट्याच्या घरी तर डोळे पुसणाऱ्या माणसाला ते "अजून एकदा" म्हणून बसले. तेव्हापासून त्यांच्या बायकोने, म्हणजे ताईंनी, त्यांना दुखवट्याला नेणं बंद केलं. "लोकं रडायलेत अन् हे मोजायलेत," असं त्या माझ्या बायकोला फोनवर सांगत होत्या.

चित्रपटातला गायक खुलताबादच्या घाटात एकटाच गात बसतो. एक इसम कागद घेऊन येतो, गायक सही करतो, आणि त्याच्या सदऱ्याच्या खिशातून आत्मा बाहेर येतो. हा आत्मा म्हणजे हुबेहूब ताई: ठेंगणी बाई, हातात कापडी पिशवी, पायात चपला. "आत्म्याला चपला कशाला?" मी विचारलं. ते माझ्याकडे बघतच राहिले. "बाहेर पडायचंय म्हटल्यावर चपला लागतील की!" आत्मा मग एसटीत बसून पैठणच्या बाजूला निघून जातो आणि जाताना एक गाणं म्हणतो. ते ताईंनी म्हटलंय. वरण शिजायला लावलं होतं म्हणून त्या स्वयंपाकघरातून हलायला तयार नव्हत्या, तेव्हा सरांनी मोबाइल ओट्यावरच उभा केला. त्यामुळे गाण्यात कुकरच्या तीन शिट्ट्या आल्या. दुसऱ्या कुणी त्या पुसल्या असत्या. सरांनी त्यांची चित्रं काढली. प्रत्येक शिट्टीला तो इसम दचकतो. फक्त त्या इसमाला तोंड नव्हतं. दोन वर्षं त्याच्या मानेवर कोरं अंडं होतं. "घेणारा सापडंना मला," असं ते म्हणायचे.

त्यांच्या मुलीने पुण्याहून यातला एक मिनिटाचा तुकडा इंटरनेटवर टाकला आणि मुलांचे चित्रपट दाखवणाऱ्या मुंबईच्या एका कंपनीचं पत्र आलं. चित्रपट घेऊ, देशभर दाखवू. मात्र गाणं नामवंत गायिकेकडून पुन्हा गाऊन घेऊ आणि शिट्ट्या काढू. पत्रव्यवहार मी अंगावर घेतला. कारण सांगितलं ते असं की माझं इंग्रजी बरं आहे. खरं कारण असं की तीस वर्षांत माझं नाव छापून आल्याच्या घटना मोजायला एका हाताची बोटं पुरतात. करारनामा आला तेव्हा 'कथा व संवाद' यापुढे मी माझं नाव टाइप केलं. माझं योगदान एका शब्दाचं होतं. संवादातला एक 'आणि' मी काढला होता.

तो करारनामा घेऊन मी पडेगावला त्यांच्या घरी गेलो. "या पाव्हणं, लई दिसानं," ताई म्हणाल्या. मी टेबलावरून कागद सरांपुढे सरकवला, वर पेन ठेवलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणालो, "नुसती सही करा. बाकीचं मी बघतो."

ते एकदम ताठ बसले. "परत सरकवा बरं."

मी सरकवला.

"सावकाश. अन् ते हसू तसंच ठेवा."

माणूस वळतोय, असं समजून मी तो कागद सहा वेळा सरकवला. दर वेळी माझं बोलणं जास्त गोड होत गेलं. सहाव्या खेपेला ताईंनीच मध्ये तोंड घातलं. तीन वर्षांपूर्वी गळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचा आवाज घोगरा झालाय, वरच्या पट्टीत तर निघतच नाही. "लावा की दुसरी बाई," त्या म्हणाल्या. "माझं काय जातंय?"

"जे जायचं ते गेलंय," सर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "साडूभाऊ, हे गाणं ऑपरेशनच्या आठ दिवस आधीचं हाय. हिचा तो आवाज दुसरीकडं कुठंच नाय. ना कॅसेट, ना फोन. तेवढाच हाय."

ऑपरेशन मला माहीत होतं. दवाखान्यात डबा मीच पोचवला होता. गाणं मी वीसदा ऐकलं होतं. दोन्ही बातम्या माझ्याकडे होत्या. मी त्या एकत्र लावल्या नव्हत्या.

कंपनीला नकाराचं पत्र मीच लिहिलं. करारनामा मात्र सरांनी परत दिला नाही. त्याची पाठ कोरी होती.

रविवारी वर्गाच्या खिडक्यांना ड्रॉइंग बोर्ड लावून अंधार केला होता. मुलगी, शेजारी आणि जुने विद्यार्थी धरून चौतीस माणसं होती. पडद्यावर तो इसम आला: चष्मा कपाळावर, खांद्याला माझी शबनम, तोंडावर ते हसू. त्याने कागद सहा वेळा पुढे सरकवला. माझी बायको माझ्याआधी हसली. जवळून घेतलेल्या चित्रात त्याच्या कपाळामागे इंग्रजी अक्षरं दिसत होती. कागदाच्या मागच्या बाजूची. त्यात माझं नाव होतं; पुसट, उलटं, पण पूर्ण.

मग आत्मा एसटीत बसला आणि गाणं सुरू झालं. ताई शेवटच्या बाकावर, माझ्या डाव्या हाताला बसल्या होत्या. पहिली शिट्टी झाली, इसम दचकला, लोक हसले. दुसरी झाली. ताई पडद्याकडे बघत होत्या. ओठ हलत होते, आवाज नव्हता. तिसऱ्या शिट्टीला त्यांचा उजवा हात मांडीवरून उठला, अंधारातच गॅस बंद केल्यासारखा वळला आणि पुन्हा मांडीवर आला.