खपलीची हुग्गी

निपाणीहून कोल्हापूरकडे निघालं की कोगनोळीच्या अलीकडे हायवे सोडून आत वळायचं. आजूबाजूला सगळा ऊस आणि तंबाखू. मधेच एक तुकडा असा लागतो, की लांबून बघणाऱ्याला वाटावं, इथं कुणी काही पेरलेलंच नाही, आपोआप उगवलंय. शेवग्याखाली हळद, हळदीच्या कडेनं चवळी, बांधावर निर्गुडी आणि अडुळसा. हे अंजनाताईंचं शेत.

अंजनाताई बेळगावात नर्स होत्या. निवृत्त झाल्या, पाठोपाठ नवरा गेला आणि फ्लॅटमध्ये त्यांचा जीव रमेना. मग गुंडूअण्णांकडून ही जमीन घेतली आणि आई मालुबाईंना घेऊन त्या इथंच राहायला आल्या. गुंडूअण्णांचं शेत शेजारीच. "औषध न्हाय, खत न्हाय, मग पिकणार काय, गवत?" असं ते पहिली दोन वर्षं रोज विचारत. तंबाखूनं दमलेली जमीन सावरायला तेवढा वेळ लागलाही. तिसऱ्या वर्षी खपली गहू असा आला, की अण्णा बांधावर उभे राहून नुसतेच बघत राहिले आणि जाताना बियाणं मागून गेले.

लोक ताईंकडे झाडपाल्यासाठीही येतात. खोकल्याला अडुळसा, गुडघ्याला निर्गुडीचा शेक. पण नर्सची नोकरी अंगात मुरलेली. छातीत दुखतंय म्हणून कुणी आलं, की पाला नाही मिळत. ताई त्याला गाडीत घालून निपाणीच्या दवाखान्यात धाडतात. शेवग्याच्या पानांवर त्यांनी लिहिलं, तेव्हा एका वाचकानं फोन करून विचारलं, "मग शुगरची गोळी बंद करू?" ताई म्हणाल्या, "गोळी चालू ठेवा. भाजी पण खावा."

हे लिहिणं म्हणजे बेळगावच्या एका पेपरातलं रविवारचं सदर. लेक अक्षरा बेळगावात बँकेत आहे. तिनंच एकदा आईचा अंबाडीवरचा लेख परस्पर पाठवून दिला, तिथून सुरुवात झाली. आज हुलग्याचं माडगं, पुढल्या रविवारी पावट्याची उसळ. लोक वाचत, करून बघत, फोन करत.

गेल्या वर्षी उन्हाळा लागताना ताईंनी रानभाज्यांवर लिहिलं. पाथरी, घोळ, कुर्डू, तांदूळजा. लिहिता लिहिता आईवर आल्या. मालुबाई तरुणपणी निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होत्या. काम नसेल त्या दिवसांत दुसऱ्यांच्या बांधावरचा पाला खुडून आणत, घरात तेल नसे, कधी मीठही नसे, नुसता उकडून पोरांपुढं ठेवत. ताईंनी ते जसंच्या तसं लिहिलं.

रविवारी अक्षरा आली होती. तिनं अंगणात बसून आजीला लेख मोठ्यानं वाचून दाखवला. वाचून संपलं. मालुबाई अंजनाताईंकडे वळून म्हणाल्या, "मला इचारलंतंस?"

"आई, खोटं काय लिहिलंय का मी?"

"खरं हाय म्हणूनच म्हणते. माझं उपाशीपण लोकांनी चहा पीत वाचायचं व्हय गं?"

त्या दिवशी बेळगावहून, खानापूरहून फोन येत राहिले. किती छान, किती पौष्टिक, ही कुर्डू कुठं मिळते हो. ताईंनी शेवटी फोन बंद करून टाकला. आईच्या पायाशी बसून म्हणाल्या, "चुकलं माझं." मालुबाई म्हणाल्या, "असू दे." पण पुढचे काही दिवस त्या ताटात पालेभाजी घेईनात, आणि बोलणंही कामापुरतंच. पुढच्या रविवारसाठी ताईंनी लेख पाठवलाच नाही.

मग एके दिवशी निपाणीहून रुक्माबाईंचा फोन आला. वखारीत मालुबाईंच्या शेजारी बसून तंबाखू निवडणारी ती मैत्रीण. तिलाही नातीनं लेख वाचून दाखवला होता. तिचा आवाज एवढा मोठा, की फोन मालुबाईंच्या कानाला आणि ऐकू ताईंना येत होतं.

"मालू, पोरीनं लिवलं ते समदं खरं हाय. पर अर्धं हाय. आपुन नुसता पालाच खाल्ला काय? वखारीच्या आवारात हुग्गी केलती, ती इसरलीस?"

"कुठली?"

"चौदा एप्रिलला, जयंतीची गं! समद्या बायकांनी मूठ मूठ खपली आणल्याली. तू गूळ जास्ती घातलास आन मुकादम वास काढत आलता!"

मालुबाई हसल्या. आधी हळू, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. फोन ठेवल्यावर त्यांनी लेकीला हाक मारली.

"अंजे, घरात खपली हाय न्हवं? पौर्णिमेला हुग्गी करायची. रुक्मीला बोलवून घे. आन लिवायचं आसंल तर ते लिव."

हुग्गी म्हणजे खपलीची खीर. गहू ओलवून, उखळात सडून त्याचा कोंडा काढायचा, मऊ शिजवायचा, मग गूळ, खोबरं आणि सुंठ. मिक्सरमध्ये करू म्हटल्यावर मालुबाईंनी साफ नकार दिला. उखळ पाहिजे. ते होतं गुंडूअण्णांच्या घरामागच्या परड्यात, कोंबड्यांना पाणी ठेवायला. अण्णांनी ट्रॅक्टरमधून ते दगडी धूड आणून अंगणात उतरवलं.

मालुबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "गुंडू, वखारीत काम नसलं की तुमच्या शेतात मी भांगललंय, तण काढलंय. पर ह्या उखळाला हात लावायची सोय न्हवती आमास्नी."

अण्णा खाली बघून म्हणाले, "न्हवती, आक्का. म्या बघितलंय." त्यांनी बादली घेतली, काथ्यानं उखळ आतून घासून घासून स्वतः धुतलं आणि मुसळ आणायला घरी गेले.

बुद्धपौर्णिमेच्या सकाळी वंदना झाली आणि दोघी म्हाताऱ्या उखळाशी आल्या. ताकद फारशी नव्हती. चार घाव घातले की बसायचं. मग मुसळ अक्षराच्या हातात गेलं, आणि दोघी तिच्या चुका काढायला मोकळ्या झाल्या. दुपारी शेवग्याखाली पंगत बसली. गुंडूअण्णा बायकोला घेऊन आले होते. त्यांनी हुग्गी दोनदा मागून घेतली. मालुबाईंनी स्वतः वाढली. आपण जेवायला बसल्या, तेव्हा त्या लेखानंतर पहिल्यांदा लेकीला म्हणाल्या, "ती तांदूळजाची भाजी बी वाढ गं थोडी."

त्या आठवड्यात ताईंनी लेख लिहिला आणि पाठवायच्या आधी आईला वाचून दाखवला. वखारीतली हुग्गी होती, उखळ होतं आणि अण्णांनी ते धुतलं तेही होतं, अण्णांना विचारून. मालुबाईंनी एकच वाक्य काढायला लावलं, जिथं त्यांना 'कष्टाळू माउली' म्हटलं होतं. "ते नगं. माउली काय? मी लई भांडखोर हुते."

वाक्य काढलं. लेख छापून आला. पहिल्याएवढे फोन आले नाहीत, पण निपाणीतल्या दोन-तीन म्हाताऱ्यांनी नातवंडांकरवी निरोप धाडले, की आमचंही सांगायचंय.

रुक्माबाई पौर्णिमेला दोन दिवसांसाठी आल्या होत्या, महिना राहिल्या. सकाळी ताई तण काढत आणि बांधावर बसून दोघी बोलत. कोण काय डब्यात आणायचं, कुणाची चटणी तिखट, कुणाचं कुणाशी जुळलं होतं. ताई खुरपं थांबवून विचारायच्या, "हे लिहू का?"

"लिव," मालुबाई म्हणायच्या. कधी म्हणायच्या, "हे नगं, ती बाई अजून जिवंत हाय," आणि दोघी पुन्हा हसत सुटायच्या.