कायमचं काम

आमच्या भांडुपच्या बिल्डिंगमध्ये एक काका आहेत. त्यांच्याकडे लॅमिनेशनचं मशीन आहे आणि तेवढ्यावर ते सगळ्या मजल्यांवर शहाणपणा करत फिरतात. रेशनकार्ड, मार्कशीट, कोणाची तरी लग्नपत्रिका, दिसेल ते प्लास्टिकमध्ये घालतात. वर म्हणायचं, 'आण इकडे, कायमचं काम करून टाकतो.'

गेल्या वर्षी बाबांचं हृदय कमजोर असल्याचं निघालं. ईसीजीत डाव्या बाजूचा ब्लॉक दिसत होता. 'हा कागद जपा, पुढे ताडून बघायला लागेल,' असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी ऑफिसात असताना काकांनी तो बाबांकडून मागून नेला, जपला आणि परत फाइलीत लावून ठेवला. मी मूर्ख, उघडून बघितलंच नाही.

परवा बाबांना धाप लागली. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी नवा ईसीजी बघून विचारलं, 'हा ब्लॉक जुना की आजचा? आधीचा कागद आणलाय?' मी फाइल उघडली. ईसीजीचा कागद लॅमिनेशनच्या मशीनमध्ये गरम झाला की काळा पडतो, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. शेवटी ब्लॉक आजचाच, म्हणजे हार्ट अटॅक असू शकतो असं धरून बाबांना दोन दिवस आयसीयूत ठेवलं.

घरी आल्यावर तो काळाकुट्ट कागद मी काकांच्या हातात दिला. म्हटलं, 'घ्या, तुमचं कायमचं काम.'

त्यांनी तो ट्यूबलाइटखाली धरला, कडेवरून नख फिरवलं.

'पण बुडबुडा एकही नाही बघ.'