साळवे सरांचा पुढचा धागा

साळवे सरांच्या घरी पाणी पिण्याआधी ग्लास उजेडात धरून बघावा लागे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. उन्हातून आलो होतो. टेबलावर काचेचे भरलेले ग्लास ओळीने मांडलेले होते. एक उचलला नि तोंडाला लावला. जिभेला काहीतरी अडकलं म्हणून ओढून काढलं, तर वीतभर तंगूस, गळाला लावतात तो नायलॉनचा धागा. एवढ्यात सर आतून आले. माझ्या तोंडाकडे त्यांनी बघितलंही नाही. माझ्या हातातल्या धाग्याकडे बघून ते खुशीत म्हणाले, "तुला दिसला न्हाई ना? म्हंजे माशालाबी दिसायचा न्हाई."

गेवराईच्या एकाच शाळेत आम्ही नोकरी केली. ते विज्ञान शिकवत, मी मराठी. घरंही एकाच गल्लीत. त्यांना गळाने मासे धरायचा नाद होता नि मोटारसायकल माझ्याकडे होती. त्यामुळे दर रविवारी गोदावरीवर जाणं माझ्या नशिबी आलं. मला मासे खायला आवडतात, धरायला नाही. हे मी त्यांना वारंवार सांगितलं, पण तोवर ते मागच्या सीटवर बसलेले असत.

आता हा धागा म्हणजे काय ते सांगतो, कारण माझं निम्मं आयुष्य त्याच्यात गेलं. काठीपासून येणारी लांब तंगूस वेगळी. तिच्या टोकाला गळ बांधण्याआधी हातभर दुसरा तुकडा जोडतात. दुकानदार त्याला लीडर म्हणतात, सर 'पुढचा धागा' म्हणत. मासा बघतो तो हा तुकडा आणि चावतो तोही हाच. बारीक लावला तर मरळीसारखा दाताचा मासा तो कापून पळतो. जाड लावला किंवा तार लावली तर माशाला दिसते नि तो जवळच येत नाही. "तुटला तर मासा जातो, दिसला तर मासा येत न्हाई. आता सांग, मुळे, काय लावू?" हा प्रश्न सर मला प्रत्येक रविवारी विचारत. मी काहीही उत्तर दिलं तरी ते म्हणत, "तसं न्हाई बे. तुला कळंना गेलंय."

साधा नायलॉन, विणलेला धागा, स्टीलची तार आणि पाण्यात दिसत नाही म्हणून मोबाइलवरून मागवलेलं ते फ्लोरोकार्बन, सगळं त्यांच्या डब्यात असे. नदीवर पोचलो की ते एक बांधत, पाण्याकडे बघत, सोडत, दुसरा बांधत. नदीतून वाळूचे ट्रॅक्टर भरून जात, रिकामे होऊन परत येत, आणि आमचा गळ अजून कोरडाच. मी गांडुळांचा डबा मांडीवर घेऊन बसलेला. "सर, टाका की आता," म्हणालो की ठरलेलं उत्तर यायचं, "घाई केल्यानं धागा ठरत न्हाई."

घरी धाग्याच्या ताकदीची परीक्षा चाले. अंगणातल्या शेवग्याला धागा बांधायचा, खाली बादली लटकवायची नि तिच्यात एकेक वीट टाकायची. शेवग्याचं लाकूड किती ठिसूळ असतं हे विज्ञानाच्या मास्तराला ठाऊक नसावं, असं नाही. एकदा फांदीच मोडली आणि बादलीसकट सरांच्या पायाशी आली. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, स्वयंपाकघरातून धावत बाहेर आल्या, तर सर फांदी बाजूला सारून धागा तपासत होते. "धागा पास झाला," ते म्हणाले. काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांना तुमच्या घरी न्या चार दिवस." मी घाईघाईने चप्पल पायात सरकवली.

दुसरी अडचण म्हणजे सरांना खोटं बोलता येत नसे. शाळेत तपासणी आली होती. साहेबांनी विचारलं, प्रयोगशाळा वापरता ना? मुख्याध्यापक मान हलवत होते, तेवढ्यात सर म्हणाले, "दिवाळीपासून कुलपाची किल्ली सापडत न्हाई, साहेब." पुढचे कितीतरी दिवस मुख्याध्यापक त्यांच्याशी बोलले नाहीत. सर रोज सकाळी बुद्धवंदना घेत, पंचशील म्हणत. मी एकदा छेडलं, "सर, खोटं बोलायचं नाही ते ठीक, पण पहिलं शील प्राणी मारू नये असं आहे ना? माशांचं काय?" ते जराही न चिडता म्हणाले, "त्याच्यावर विचार चालू हाय." त्यांचा विचार कसा चालतो हे मला माहीत होतं, म्हणून मी विषय सोडला.

पुढे सर निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत काकूंचं बीडला पोटाचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन नीट झालं, पण त्यांची अन्नावरची वासनाच उडाली. भात नको, पेज नको, फळ नको. अंग काडीसारखं झालं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की पोटात अन्न गेलं नाही तर परत दवाखान्यात आणावं लागेल, आणि मग काही सांगता येणार नाही. सर प्रत्येक जेवणाला ताट घेऊन समोर बसत. शेवटी एकदा काकू म्हणाल्या, "नदीची मरळ असती तर खाल्ले असते दोन घास."

सर तडक बाजारात गेले, मरळ आणली. काकूंचं माहेर गोदाकाठचं, वडील गळाने मासे धरणारे. काकूंनी पडल्या पडल्या माशाचा जबडा उघडला. जबड्याला गळाची खूण नव्हती. "ही जाळ्यातली हाय, तळ्याची. चिखलाचा वास मारती," असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही नदीवर. वाळू उपसून तयार झालेल्या एका खोल डोहात मोठी मरळ असल्याचं सरांनी बऱ्याच दिवसांपासून हेरून ठेवलं होतं. मला वाटलं, आज तरी हा माणूस पटकन गळ टाकेल. पण सर डबा उघडून बसले. तार बांधली, सोडली. विणलेला बांधला, सोडला. माझा संयम संपला. "सर, काकू तिकडे उपाशी आहेत," मी ओरडलो.

"म्हणून तर," ते म्हणाले. "आज चुकून चालायचं न्हाई, मुळे."

शेवटी त्यांनी ते न दिसणारं फ्लोरोकार्बन लावलं. गळ पडला आणि थोड्या वेळात काठी अशी वाकली की मी डबा टाकून उठलो. मरळ वर आली, शेपटी दिसली, आणि काठी एकदम हलकी झाली. सरांनी धागा ओढून घेतला. टोक दाताने कापलेलं होतं. मग त्यांनी तार लावली. ऊन डोक्यावर आलं, उतरलं, तारेकडे काही फिरकलं नाही. सर उठले. "चल बाजारात," एवढंच बोलले.

मासेवालीच्या टपात जिवंत मरळी होत्या. तिथेही निवडीला वेळ लागलाच, ते सोडा. पण नंतर सरांनी जे केलं ते बघून मी कपाळाला हात लावला. त्यांनी मासा नुसता मारून घेतला, कापून नको म्हणून सांगितलं आणि त्या मेलेल्या मरळीच्या जबड्यात स्वतःचा गळ रुतवला. खूण दिसायला हवी ना. एवढ्यावर थांबावं की नाही? त्यांना वाटलं, गळाला धाग्याचा तुकडाही ठेवला पाहिजे. आणि मग भर चौकात, मासेवालीच्या समोर, ते डबा उघडून धागा निवडायला बसले.

"सर, हा मासा मेलाय," मी म्हणालो. "आता ह्याला काय दिसणार आहे? बांधा काहीही."

"ह्याला न्हाई, तिला दिसंल की," सर म्हणाले. "बारीक धाग्यानं मरळ निघत न्हाई हे तिला ठाव हाय. तार ठेवतो. तारेनं निघाली म्हणल्यावर पटंल." मासेवाली आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होती. मी तिची नजर टाळली.

घरी काकूंनी जबडा उघडला. गळ बघितला, तार बोटात धरून बघितली, मग सरांकडे बघितलं.

"कुठं लागली?"

"डोहात," सर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. त्यांना खोटं बोलताना मी तेवढं एकदाच ऐकलं.

"बरं. रस्सा पातळ करा," काकू म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी दोन तुकडे खाल्ले आणि वाटीभर रस्सा प्यायल्या. तिथून त्यांची तब्येत सुधारत गेली.

गेल्या वर्षी सर गेले, झोपेतच. त्यांच्याशी वाद घालायची इतकी सवय झाली होती की रविवारी सकाळी मला अजून काही सुचत नाही. मध्यंतरी काकूंकडे गेलो होतो. बोलता बोलता मी त्या मरळीचा विषय काढला.

"ती बाजारातली व्हती," काकू शांतपणे म्हणाल्या. "असल्या चकाकत्या तारेला नदीची मरळ शिवत न्हाई, भाऊजी."

"मग खाल्ली कशी तुम्ही? वास येत नव्हता?"

"येत व्हता की. घास खाली उतरंना. पर ज्याला उभ्या जन्मात खोटं बोलता आलं न्हाई, त्यो माणूस माझ्यापुढं उभा राहून खोटं बोलत व्हता. मग उतरवला."

"सरांना कधी सांगितलं नाहीत?"

काकूंनी पदराने डोळे टिपले. "कावून सांगू? सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी परत नदीवर गेले असते, दुसरा धागा लावून. मला तवा ते घरात पाहिजे व्हते."