मागचं बसलं

आमची सून शिलाई मशीनं दुरुस्त करते. कपडे शिवते असं सांगितलं की लोक मान डोलावतात. मशीन दुरुस्त करते म्हटलं, की माझ्याकडे असं बघतात, जणू मलाच ऐकू कमी येतंय. तिच्या आत्याचं दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे ती लहानपणापासून स्क्रू-पान्यांतच वाढली. नुसत्या आवाजावरून सांगते, "बाबा, आईंच्या मशीनला तेल हवंय." मी म्हणतो, "पोरी, मशीनला की आईंना?" मग स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज एकदम थांबतो आणि मी वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरतो.

घरोघर, दुकानोदुकान फिरून कामं मिळवायची तर गाडी हवी. मुलगा ट्रकवर, घरापेक्षा रस्त्यावर जास्त. त्याची मोटरसायकल दारात उभी राहून कंटाळली होती. सून म्हणाली, शिकू का? मी म्हटलं, मी शिकवतो. शिकवतो म्हणजे काय, ती मैदानात गाडी चालवायची आणि मी मागून "क्लच! क्लच!" ओरडत पळायचो. मी जन्माचा सायकलवाला, क्लचची आणि माझी ओळख ऐकीव. पण आमच्या गावच्या शाळेत एक मास्तर होते, त्यांना अजिबात पोहता येत नसे. तरी त्यांनी आम्हा सगळ्यांना विहिरीच्या काठावर उभं राहून पोहायला शिकवलं, आणि एकही पोरगा बुडाला नाही. एकदा तर मास्तर स्वतःच... जाऊ दे, नाहीतर मूळ गोष्ट काठावरच राहायची.

तर सून शिकली. आमची ही मात्र बजावून बसली होती, "कोणी काही म्हणा, मी काही त्या गाडीवर बसायची नाही."

बाजाराच्या पलीकडे गणवेश शिवायचं एक मोठं वर्कशॉप आहे. तिथल्या मालकीणबाईंचं काजं करायचं मशीन बंद पडलं. त्यांनी सुनेला निरोप धाडला : दुपारच्या आत चालू करून दिलंस तर इथल्या सगळ्या मशीनचं काम तुझ्याकडे. नाहीतर आमचा जुना मेस्त्री आहेच. एवढं मोठं काम तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. सकाळी हत्यारांचं सामान मी स्वतः दोरीने मागे बांधून दिलं आणि ती निघाली.

माझा चहा निवायच्या आत फोन वाजला.

"बाबा, मागचं बसलं."

"अगं, मग चांगलंच की! घट्ट बसलं ना?" मला वाटलं, सामानाचं बोलतेय.

आतून ही ओरडली, "कोण बसलं? कोणाला बसवलंस गं मागे?"

"आई, चाक! मागचं चाक बसलं! हवा गेली!"

आपल्या भाषेत बसणं हे मोठं बेभरवशाचं काम आहे. आवाज बसतो, धंदा बसतो, आणि मग माणूस डोक्याला हात लावून बसतो. उलट हात बसतो, घडी बसते, तेव्हा सगळं छान. त्या घटकेला सुनेचा आवाजही बसायच्या बेतात होता.

ती लाकडाच्या वखारीजवळ अडकली होती. पंक्चरवाल्याचं दुकान बंद, पुढे चढ, टायरमध्ये खिळा. "ढकलत नेली तर दुपार तिथेच होईल, बाबा."

मुलाने जाताना सांगितलेलं मला आठवलं. टायर बिनट्यूबचा आहे आणि भोक बुजवायचं सामान गाडीच्या बाजूच्या झाकणाखाली ठेवलंय. ते कसं वापरायचं हेही त्याने सांगितलं होतं, पण तेव्हा मी त्याला दुसरी एक गोष्ट सांगत होतो.

"मिळालं," सून म्हणाली. "एक गोल कानस आहे, दोन चिकट वाद्या आहेत, आणि मुठीचं दाभण."

दाभण म्हटल्यावर मला चेवच चढला. उभा जन्म पोती शिवलीत मी! "सोपं आहे पोरी! खिळा काढ, कानशीने भोक साफ कर, वादी ओव आणि दाभण पार आत घाल. मुठीपर्यंत!"

फोनमधून कानस घासल्याचा आवाज आला.

"बाबा, वादी आत पडली."

"थोडी?"

"सगळी. खुळखुळतेय आत. आता एकच उरली."

माझा सल्ला तिथेच संपला. हे आयुष्यात फार वेळा झालेलं नाही, हिला विचारा. "कशाला हात लावू नकोस," म्हटलं, "मी पंप घेऊन आलोच." पायाने दाबायचा पंप खांद्यावर टाकला आणि तरातरा चालत निघालो.

वखारीपाशी पोहोचलो तर सून चाकापुढे उकिडवी बसलेली. कपाळावर काळा पट्टा, हातात ते दाभण, आणि नजर अशी, जणू एखाद्या मशीनशी बोलतेय.

"बाबा, हे दाभण नाहीच. याचं नेढं बघा कुठे आहे."

"टोकाला."

"हातसुईचं नेढं मागे असतं, म्हणून ती आरपार जाते. टोकाला नेढं असतं मशीनच्या सुईला. ती पलीकडे कधी जातच नाही. खाली जाते, दोरा ठेवते आणि आल्या वाटेने वर येते."

तिने शेवटची वादी ओवली. भोकावर टोक टेकवलं. मला म्हणाली, "आता काही बोलू नका हं." मी तोंडावर हात धरला. तिने जोर लावला, वादीची दोन टोकं जरा बाहेर उरली तिथे थांबली, आणि एक हिसका देऊन सुई मागे ओढली. सुई आली. वादी राहिली. टोकं कात्रीने कापली आणि आम्ही आळीपाळीने पंप मारला. टायरमध्ये हवा भरत होती, माझी जात होती. बोटाने थुंकी लावून पाहिली. एक बुडबुडा नाही.

"बसा बाबा."

"मी? या चाकावर?"

"तुम्ही बसलात आणि ते नाही बसलं, म्हणजे काम पक्कं."

मागचं सामान सोडून घेतलं आणि ते नि पंप पोटाशी धरून बसलो. चढावर डोळे मिटले. उघडले तेव्हा वर्कशॉप आलं होतं.

मालकीणबाईंनी आधी सुनेचे हात पाहिले. "उशीर केलास. मेस्त्रीला बोलावणं गेलंय."

"चाक बसलं होतं. ते येईपर्यंत बघू का?"

"आधी हात धू. कापड पांढरं आहे."

हात धुऊन ती मशीनवर वाकली. एका हाताने चाक सावकाश फिरवलं, कान खाली नेला. "हुक मागे पडतोय," म्हणाली. "सुई दोरा घेऊन वेळेवर येते, पण खाली तो धरायला कोणी हजर नसतं." पान्याने काहीतरी सैल केलं, किंचित सरकवलं, आवळलं. मशीन खडखडलं आणि कापडावर एक काज उमटलं. मालकीणबाईंनी ते नखाने खरवडलं, बटण घालून काढलं, पुन्हा घातलं. आतल्या सगळ्या बायका शिवायच्या थांबल्या होत्या.

"मेस्त्रीला सांगा, येऊ नका," मालकीणबाई आत बघून म्हणाल्या. मग सुनेला, "बघतेस काय? पलीकडचंही टाके सोडतंय. आजपासून तुलाच बघायचंय सगळं. आणि हे पंपवाले कोण?"

"माझे सासरे. चाक तपासायला मागे बसलेत."

सगळ्या हसल्या. मीही हसलो. पोती शिवण्याचा विषय मी तिथे काढला नाही.

संध्याकाळी दारात गाडी थांबली. ही उंबऱ्यावर उभीच होती. "मागचं पुन्हा नाही ना बसलं?"

"मागे मीच बसलो होतो," कंबर धरून उतरत मी म्हणालो, "आणि काम मिळालं!"

हिने सुनेचा चेहरा एकदा नीट पाहिला. मग मागच्या चाकाला हळूच पाय लावून बघितलं. कडक होतं.

"उद्या बाजारावरून जाशील ना गं? मग मला सोड तिथे," ही म्हणाली. "आणि यांना घरी ठेव."