भाऊला विचारलं तेव्हा

निर्णय घरच्यांनी घ्यायचा, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. आईबाबा केव्हाच गेलेले. भाऊच्या घरचं म्हणावं असं माणूस मीच. भाऊ माझ्याहून थोरला. जन्मापासून त्याचे हातपाय वळलेले, अंग वाढलेलं नाही, बोलणं नाही. मूल तालुक्यातल्या आमच्या गावात नवखे लोक त्याला माझं लेकरू समजत.

या वेळी छातीत कफ साचून त्याचा श्वास अडकत होता. चंद्रपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. घशात नळी टाकून मशीनवर ठेवता येईल, पण फुफ्फुसं इतकी थकलीत की मशीन पुन्हा सुटेल असं वाटत नाही. नाहीतर नळी न टाकता धाप कमी करणारं औषध द्यायचं, त्रास होऊ द्यायचा नाही. मी मामांना फोन केला. "तूच पाह्यते त्याले, तूच ठरव," म्हणाले. मग मी महाकालीच्या देवळात जाऊन बसले. आई, तूच सांग, म्हणून रडले. फूल पडलं नाही, मनात शब्द उमटला नाही. इतकी एकटी मी कधीच नव्हते.

परत आले तर शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको भाऊच्या उशाशी उभी राहून ओल्या कापसाने त्याचे ओठ पुसत होती. आरमोरीकडची, तलावावर मासेमारी करणाऱ्या घरची. "लय कोरडे पडले होते, बाई," ती म्हणाली. का कोण जाणे, मी तिला सगळं सांगून टाकलं.

"मंग त्याले विचारलं का तुमी?"

"तो बोलत नाई."

"समजते तं सारं. मघा बोलली मी त्याच्याशी, तं हासला न माह्याकडं पाहून."

खरं होतं. आमची एक भाषा होती. हो म्हणजे नजर वर, नाही म्हणजे मान भिंतीकडे. जेवण, अंघोळ, अंगणात बसणं, सगळं मी त्याला विचारूनच करत आले होते. हेच विचारायची हिंमत होत नव्हती.

मी वाकले. पाठीवर एक हात टेकला. "भाऊ, घशात नळी टाकून मशीन लावू म्हणतेत. लावू का?"

त्याने मान भिंतीकडे वळवली.

"नाई लावली तं तू जाशील, भाऊ. समजते ना तुले?"

नजर वर गेली. मी पुन्हा विचारलं. पुन्हा वर. मग तो माझ्याकडे पाहत राहिला.

डॉक्टरांनीही त्याला स्वतः विचारलं, आणि नळी टाकली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ गेला. धाप नव्हती. हात माझ्या हातात होता. ती बाई बऱ्या झालेल्या नवऱ्याला घेऊन सकाळीच घरी गेली होती. तिचं नावही मी विचारलं नव्हतं.

तिला देवीने पाठवलं का, मी सांगू शकत नाही. मी देवळात उत्तर मागत होते आणि मला भाऊकडे परत पाठवलं गेलं, एवढंच कळतं. शरण जाणं म्हणजे आपला भार देवावर टाकून मोकळं होणं, असं मला वाटायचं. माझा भार अजून माझ्यापाशीच आहे, आणि घर फार रिकामं आहे. पण भाऊने त्याचं उत्तर दिलं, मला ते ऐकता आलं, आणि ऐकताना माझ्या पाठीवर कोणाचा तरी हात होता. त्यासाठी रोज हात जोडते.