वीस लिटरला एक ग्रॅम

माझ्या नवऱ्याला, विश्वासला, घरात मीठ कुठल्या डब्यात असतं ते माहीत नाही. पण मागच्या शेडमध्ये जिप्समची बरणी कितव्या फळीवर आहे, कधी उघडली आणि किती उरली, ते झोपेतून उठवून विचारा, घडाघडा सांगेल. नेदरलँड्समध्ये आइंडहोवनच्या शेजारी बेस्ट नावाच्या गावात आम्ही नऊ वर्षं राहतो. आठवडाभर तो मशीनवर काम करतो आणि शनिवारी घरी बिअर करतो.

बिअरला खरं तर माल्ट, हॉप्स, यीस्ट आणि पाणी पुरतं. पण याचा जीव अडकलेला वरच्या चिमूटभर गोष्टींत. पाण्यासाठी जिप्सम, आंबटपणाला लॅक्टिक ॲसिड, यीस्टला खाऊ, संत्र्याची साल, धणे. अशा एकतीस बरण्या आणि प्रत्येकीची एक्सेलमध्ये ओळ: कुठून आणलं, कधी, बॅच नंबर, मुदत, आज किती वापरलं. वजनाला सांगलीच्या सराफाकडून आणलेला काटा. एकदा माझ्या डब्यातले मूठभर धणे नेले आणि विचारतो, "मंजू, यांचा बॅच नंबर काय?" म्हटलं, "तुर्की दुकान, मंगळवार." तर मेल्याने लिहून घेतलं!

हाच माणूस आमच्या मराठी ग्रुपचा शाकाहार-इन्स्पेक्टर. कुठल्या चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, कुठल्या गोळीत डुकराच्या कातडीचं जिलेटिन, पाकिटावरचा रंगाचा कुठला ई-नंबर कुठल्या किड्याचा, सगळ्या याद्या तोच टाकतो. लोक सुपरमार्केटमधून पाकिटाच्या मागच्या बाजूचे फोटो पाठवतात, "विश्वासदा, चालेल का?" हरिहर म्हणून एक मुलगा दोन वर्षांपूर्वी पुण्याहून नोकरीला आलाय. तो तर याच्या होकाराशिवाय बिस्किटाचा पुडा फोडत नाही. नाकाने कांदे सोलायचे आणि लोकांनी टाळ्या वाजवायच्या, असं सगळं झकास चाललं होतं.

गेल्या गणपतीत ग्रुपच्या जेवणाला सुचेताने आंब्याचं मूस, म्हणजे फेसाळ पुडिंग, आणलं. सुचेता माझी इथली एकुलती एक जिवाभावाची मैत्रीण, जन्माची शाकाहारी. याने विचारलं, "सेट कशाने केलंस?" तिने बिचारीने कौतुकाने फोनवर पाकिटाचा फोटो दाखवला. हा चाळीस माणसांसमोर ओरडला, "थांबा! कुणी खाऊ नका! यात डुक्कर आहे!" तिने स्वतः दोन चमचे चाखून पाहिलं होतं. माझ्या शेजारी ती हातात डाव घेऊन तशीच उभी राहिली, मग कोट घेऊन निघून गेली. तेव्हापासून दहा महिने झाले, आमच्याकडे आली नाही, माझा फोन उचलला नाही. माफी माग म्हणून मी विश्वासच्या किती पाठी लागले! याचं एकच, "मी काय चूक बोललो? पाकिटावर लिहिलं होतं."

मागच्या मंगळवारी खेरिट आले. खेरिट म्हणजे याच्या बिअर क्लबातले एक रिटायर्ड डच आजोबा. शनिवारच्या ग्रुपच्या बार्बेक्यूसाठी अठ्ठेचाळीस बाटल्या भरून तयार होत्या आणि पुढच्या खेपेसाठी ते एक छोटी बरणी द्यायला आले होते. विश्वास कामावर होता. मी चहा केला आणि आपलं बोलायचं म्हणून विचारलं, ही कसली पावडर?

आजोबा खूश झाले. "अगं, जुनी पद्धत! माशाच्या पोटात हवेची पिशवी असते ना, ती वाळवून करतात. गढूळपणा सगळा खाली बसतो. विश्वासला दीड वर्ष मीच देतोय."

मी ती बरणी चहाच्या कपांपासून लांब सरकवली.

संध्याकाळी विश्वास आला. मी सांगितलं. त्याने बूटही न काढता लॅपटॉप उघडला. ओळ तेवीस: खेरिटची पावडर, बिअर नितळ करायला, वीस लिटरला एक ग्रॅम. तारीख होती, वजन होतं, फळी नंबर होता. कशाची, ते कुठेच नव्हतं.

"पाकीट नव्हतं गं," तो म्हणाला.

वाचायला पाकीट नव्हतं, म्हणून विचारलंही नाही! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

"पण ती तळाला बसते, ग्लासात येत नाही. तांत्रिकदृष्ट्या तो घटकच नाही. मंजू, आपण शनिवारी बिअर नेऊयाच नको. बिघडली म्हणून सांगू."

मग मात्र माझं डोकं फिरलं. "सुचेताला दहा महिने तोंड लपवायला लावलंस आणि तुझी बिअर बिघडली? चल तिच्याकडे. सायकल काढ."

सुचेताने दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही. विश्वासने पायरीवर उभं राहून सगळं सांगितलं, माफी मागितली. खिशातून एक्सेलचा प्रिंटआउटसुद्धा काढला, काय बोलणार!

"मी बिअर पीत नाही," ती म्हणाली. "मला कशाला सांगतोस? ग्रुपवर सांग."

त्याने तिथेच फोनवर अकरा ओळी लिहिल्या. तिने मोठ्याने वाचायला लावल्या आणि म्हणाली, "लांबण नको." शेवटी उरलं ते असं: "माझ्या बिअरमध्ये दीड वर्ष माशापासून केलेली पावडर होती. तुम्ही सगळे प्यायलात. मी कधी विचारलंच नाही. चूक माझी." त्याने डोळे मिटून पाठवलं.

पहिलं उत्तर हरिहरचं आलं. "आई रोज फोनवर विचारते, खाण्यापिण्याचं सांभाळतोस ना. मी सांगायचो, विश्वासदा आहे इथे." पाठोपाठ त्याने ग्रुप सोडला.

विश्वास मटकन पायरीवर बसला. नऊ वर्षांत त्याचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. इतका वेळ मनातून मला मजा येत होती, ती सगळी उतरली.

सुचेताने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "ऊठ. आत चल. चहा टाकते."

मीही पाय उचलला. तिने माझ्याकडे पाहिलं.

"हा नियमावर बोट ठेवणारा माणूस, याच्यावरचा राग दोन दिवसांत गेला होता गं," ती म्हणाली. "पण त्या दिवशी तू माझ्या शेजारीच उभी होतीस, मंजू. तू का नाही म्हणालीस, सुचेता चल, बाहेर जाऊ?"